जेवढं चढलो तेवढंच उतरलो, मग दमलो कशाने?

रविवारी पहाटे साडेपाचला कोथरूडहून सायकल काढायची. चांदणी चौकाचा चढ, मग भूगाव, पिरंगुट, पौड. तिथून कोळवण, हाडशी, तिकोना पेठ. मग पवना धरणाच्या पाण्याकडेने पवनानगर, पुढे कामशेत आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने वडगाव, तळेगाव, देहूरोड करत दिवेलागणीच्या आत घरी. साधारण ११५ ते १२० किलोमीटरची ही फेरी पुण्यातल्या सायकलवाल्यांच्या अगदी पायाखालची आहे.

या फेरीत एक कोडं आहे. निघालो त्याच दारात परत आलो, म्हणजे दिवसभरात जेवढे मीटर चढलो तेवढेच उतरलो. वारा दिवसभर पश्चिमेचा धरला, तर जाताना तो समोरून आला आणि येताना पाठीवर आला. सगळ्याची फिटंफाट व्हायला हवी. तरीही तेवढेच किलोमीटर सपाट, निवाऱ्याच्या रस्त्यावर काढले तर आपण बऱ्याच आधी घरी पोहोचतो आणि पायही एवढे भरून येत नाहीत. त्यातून कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: “जातानाही वारा समोरून, येतानाही समोरूनच.”

ही तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकली आहे, केलीही आहे. ती मनाची समजूत नाही. कागदावर आकडे मांडले की ती बऱ्याच अंशी खरी ठरते.

डोंगर आडवे येतात कुठून

आधी रस्ता समजून घेऊ. डाव्या हाताचा पंजा बोटं पसरून टेबलावर ठेवा. मनगट म्हणजे सह्याद्रीची मुख्य रांग, बोटं म्हणजे तिच्यापासून पूर्वेकडे उतरत गेलेल्या डोंगरसोंडा आणि बोटांमधल्या फटी म्हणजे नद्यांची खोरी. एका फटीत मुळा, दुसरीत पवना, तिसरीत इंद्रायणी. फटीतून चालणाऱ्या मुंगीला फारसा चढ लागत नाही. तीच मुंगी पंजा आडवा ओलांडायला निघाली, की तिला प्रत्येक बोट चढून उतरावं लागतं.

आपली फेरी नेमकी तशी आहे. पिरंगुटपासून पौडपर्यंत आपण मुळेच्या खोऱ्यातून पश्चिमेला जातो, त्यामुळे पाय हलके राहतात. पौड सोडून उत्तरेकडे वळलो की कोळवणचं खोरं लागतं आणि हाडशीच्या पुढे पहिलं बोट ओलांडून आपण पवनेच्या खोऱ्यात उतरतो. पवनानगरहून कामशेतला जाताना दुसरं बोट लागतं. लोहगड-विसापूर ज्या डोंगरावर उभे आहेत आणि बेडशाची लेणी ज्यात कोरली आहेत, त्याच डोंगराची ही पूर्वेकडची सोंड. ती उतरली की इंद्रायणी. तिथून पुन्हा पूर्वेकडे, म्हणजे पुन्हा सोपा रस्ता.

या भागात नवीन रस्ता धरताना म्हणूनच किलोमीटर मोजण्याआधी नद्या मोजाव्यात. रस्ता नदीच्या सोबतीने जात असेल तर चाळीस किलोमीटरही सहज निघतात. तो नद्या ओलांडत जात असेल तर पंधरा किलोमीटरलाही सकाळ जाते.

खोऱ्यांच्या तळाशी जिथे तिथे भातखाचरं आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर, लोणावळ्याकडे, वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पुण्यात तो सातशेच्या आसपास येतो. साठ-पासष्ट किलोमीटरच्या अंतरात एवढा फरक. सप्टेंबरात ही फेरी काढली तर सायकलवर बसल्याबसल्या तो दिसतो. पश्चिमेकडे जाऊ तसं बांधांवरचं गवत उंच होत जातं आणि हवेला आंबेमोहोर भाताचा वास येतो.

उतार गेलेला वेळ परत का देत नाही

आता वेळेचा हिशेब. १० किलोमीटर चढ आहे आणि पुढे १० किलोमीटर उतार. सपाटीवर तुमचा वेग ताशी २० किलोमीटर, म्हणजे हे २० किलोमीटर सपाट असते तर तासाभरात निघाले असते. चढावर वेग निम्मा झाला, ताशी १०. उतारावर तो दुप्पट झाला, ताशी ४०. निम्मा आणि दुप्पट, म्हणजे बरोबरी झाली असं वाटतं.

घड्याळ वेगळं सांगतं. चढाच्या १० किलोमीटरला पूर्ण तास लागला. म्हणजे सगळ्या वीस किलोमीटरसाठी जो तास होता, तो चढाच्या माथ्यावरच संपला. आता उतारावरून विजेच्या वेगाने जरी खाली आलात तरी तो तास परत येणार नाही. ताशी ४० ने उतरायला आणखी पंधरा मिनिटं लागली. एकूण सव्वा तास आणि सरासरी वेग ताशी १६.

गोम अशी की चढ आणि उतार अंतराने सारखे असले, तरी आपण त्यांच्यावर सारखा वेळ राहत नाही. चढावर तासभर राहतो आणि उतारावर पाव तास. शरीराला किलोमीटर कळत नाहीत, त्याला मिनिटं कळतात. दिवसाच्या शेवटी पायांना आठवतो तो चढच, कारण दिवसातला बराच वेळ त्यांनी तिथेच काढलेला असतो.

चढताना साठवलेली ताकद जाते कुठे

वेळ गेला तो गेला, पण ताकद? सायकल चढावर नेताना आपण स्वतःला आणि सायकलला वर उचलत असतो. उचललेल्या वस्तूत ती ताकद साठून राहते, विहिरीतून काढून टाकीत चढवलेल्या पाण्यासारखी. उतारावर ती परत मिळायला हवी, आणि मिळतेही. सायकल पायडल न मारता धावते ती त्याच जोरावर.

पण ती सगळी वापरता येत नाही. सायकल वेग घेते तशी समोरची हवा तिला अडवू लागते आणि हा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की हवेचा दाब चौपट, तिप्पट झाला की नऊपट. म्हणून उतारावरची बरीचशी कमाई हवा ढकलण्यात खर्च होते. उरलेली वळणावर, खड्ड्यापाशी, गावात शिरताना ब्रेकमध्ये जाते. हाडशीच्या पुढचा उतार संपल्यावर एकदा मी थांबून मागच्या चाकाच्या रिमला बोट लावलं आणि चटका बसून लगेच मागे घेतलं. सकाळी पायांनी जे वर नेलं होतं, त्यातलं बरंच त्या अॅल्युमिनिअमच्या कडीत उष्णता होऊन बसलं होतं आणि हवेत निघून चाललं होतं.

उतारातून ताकद परत मिळवणारी व्यवस्था याच डोंगरांत, पौडच्या पश्चिमेला आहे. मुळशी धरणाचं पाणी पूर्वेकडे न सोडता सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात भिऱ्याला उतरवलं जातं आणि सुमारे ५०० मीटरच्या त्या उतारावर वीज तयार होते. समुद्रावरच्या वाफेला सूर्याने एवढं उंच उचललं, त्याची परतफेड तिथे जनित्रातून होते. मात्र ती वीज ज्या जमिनीच्या मोलाने आली, ती जमीन मुळशीकरांची होती. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सत्याग्रह केला, तरी गावं बुडाली. पवनेचं धरण १९७० च्या दशकातलं. आज पिंपरी-चिंचवड मुख्यतः त्याचं पाणी पितं आणि त्यात जमिनी गेलेल्या कुटुंबांचा पुनर्वसनाचा झगडा पुढच्या पिढ्यांपर्यंत आला. काठावर सायकल टेकवून फोटो काढताना हे आठवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

चौकट : एका केळ्याची किंमत

• तुम्ही आणि सायकल मिळून वजन ८० किलो धरा. १०० मीटर उंची चढायला लागणारी ताकद सुमारे ७८ हजार ज्यूल.
• तेवढ्या उष्णतेने साध्या तापमानाचं पाव लिटर पाणी, म्हणजे दोन छोटे कप चहाचं आधण, उकळीला येईल.
• स्नायू खाल्लेल्या अन्नातला जेमतेम पाव हिस्साच कामाला लावतात, बाकीची उष्णता होते. म्हणून १०० मीटर चढायला अन्नातून सुमारे ८० कॅलरी लागतात. मध्यम आकाराच्या एका केळ्यात त्याहून थोड्याच जास्त असतात.

गिअर म्हणजे सुटे पैसे

चढावर गिअर हलका केला की काम कमी होतं, असा समज आहे. काम तेवढंच राहतं. पाचशेची नोट एकदम देण्याऐवजी दहा-दहाच्या पन्नास नोटा मोजून देण्यासारखं ते आहे. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल थोडंच अंतर पुढे जाते, म्हणून प्रत्येक फेऱ्याला जोरही थोडाच लागतो. रक्कम पूर्ण भरावी लागते, पण स्नायूंना मोठी नोट परवडत नाही आणि सुटे पैसे ते तासन् तास मोजू शकतात. पाय मिनिटाला ७० ते ९० फेऱ्यांच्या लयीत राहतील असा गिअर ठेवावा. लय मंदावली आणि गुडघ्यात जोर जाणवू लागला, की नोट मोडायची वेळ आली.

वारा

तिकोना पेठेच्या अलीकडे एका मावशींची लिंबूसरबताची टपरी आहे. निळ्या ताडपत्रीखाली दोन बाकडी, एक माठ, बरणीत गोळ्या. सकाळी दहाच्या सुमारास मी तिथे टेकलो होतो. मावशींनी विचारलं, “पुन्याहून आलासा? आन् आजच माघारी?” मी हो म्हटलं. ताडपत्रीच्या स्थिर कडेकडे बघत त्या म्हणाल्या, “मग बसू नगा जास्त. आता पान हलत न्हाई, पर बाराला वारं सुटतंय. ही ताडपत्री मला दोरीनं बांधावी लागती.”

त्यांचं निरीक्षण अचूक होतं. रात्री जमीन थंड होते आणि तिला चिकटलेली हवाही थंड, जड होऊन खोऱ्याच्या तळाशी बसून राहते. वरून वाहणारा वारा तिला हलवू शकत नाही. दुधावरच्या सायीखाली दूध निवांत असतं, तसं. ऊन चढलं की जमीन तापते, खालची हवा हलकी होऊन वर जाऊ लागते आणि वरची वेगवान हवा खाली येते. ढवळाढवळ सुरू झाली की तो वारा थेट आपल्यापर्यंत पोहोचतो. म्हणून सकाळी नऊपर्यंतचे किलोमीटर सगळ्यांत स्वस्त.

तलावाकाठी यात आणखी एक भर पडते. उन्हात तवा आणि शेजारी पाण्याचा हंडा ठेवला तर तवा तासाभरात हात लावू देत नाही आणि हंड्यातलं पाणी गारच असतं. काठावरची जमीन म्हणजे तवा आणि धरणाचं पाणी म्हणजे हंडा. दुपारी जमिनीवरची हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला पाण्यावरची थंड हवा काठाकडे सरकते. पवनेसारख्या मध्यम जलाशयावर ही झुळूक मोठी नसते, पण काठाच्या रस्त्यावर ती कडेने जाणवते.

आता ती जुनी तक्रार. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ताशी २० किलोमीटरने जायला साध्या सायकलस्वाराला साधारण ७० वॉट लागतात. घरातला जुना छताचा पंखा जेवढी वीज खातो, जवळपास तेवढी. पायांचा जोर तेवढाच ठेवला आणि समोरून ताशी १० किलोमीटरचा हलका वारा आला, तर वेग ताशी १५ पर्यंत उतरतो. तोच वारा पाठीवर आला तर वेग ताशी २६ पर्यंत जातो. २० किलोमीटर वाऱ्याविरुद्ध गेलात तर ८० मिनिटं आणि २० किलोमीटर वाऱ्यासोबत आलात तर ४६ मिनिटं. एकूण वेळेतला जवळजवळ दोन तृतीयांश वेळ वारा समोरून होता. अंतर निम्मं-निम्मं, पण अनुभव जवळपास दोनास एक. चढ-उताराचीच ही गोष्ट, फक्त डोंगराच्या जागी हवा.

शिवाय पाठीवरचा वारा जाणवतच नाही. तुम्ही ताशी २० ने चालला आहात आणि मागून ताशी २० चा वारा आहे, तर तुमच्याभोवती हवा स्थिर असते. कानाशी आवाज नाही, शर्ट फडफडत नाही. आपण त्या वेगाचं श्रेय आपल्या पायांना देतो.

सगळ्यांत फसवा तो बाजूचा वारा. तो ना अडवतो ना ढकलतो, असं वाटणं साहजिक आहे. पावसात सायकल चालवताना काय होतं ते आठवा. पाऊस सरळ वरून पडत असतो, तरी आपल्याला तो समोरून, तिरपा, चेहऱ्यावर लागतो, कारण आपण पुढे जात असतो. बाजूच्या वाऱ्याचंही तसंच. आपण ताशी २० ने उत्तरेला चाललो आहोत आणि पश्चिमेकडून ताशी २० चा वारा आहे. आपल्या अंगावर येणारी हवा तिरपी, समोरच्या डाव्या कोपऱ्यातून येते आणि तिचा वेग २० न राहता २८ होतो. पुढे जाण्याला होणारा हवेचा अडथळा वारा नसतानाच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. खरी मदत व्हायला वारा बऱ्यापैकी मागूनच यावा लागतो. म्हणजे पूर्ण गोल फेरीत, वारा दिशा न बदलता सारखा वाहत असला, तरी निम्म्याहून जास्त रस्त्यावर तो आपल्याला मागेच खेचतो. “वारा नेहमी समोरूनच” म्हणणारा सायकलवाला आकड्याने थोडा चुकतो, अनुभवाने चुकत नाही.

एवढं कळलं की फेरी कशी लावायची ते आपोआप ठरतं. मार्च ते मे या काळात देशावरची जमीन तापते आणि समुद्रावरचा थंड वारा घाट चढून दुपारनंतर, संध्याकाळच्या सुमाराला पुण्याकडे येतो. पावसाळ्यात तर पश्चिमेचा वारा दिवसभर असतो. तेव्हा पश्चिमेकडचा प्रवास पहाटेच्या निवांत हवेत उरकावा आणि पूर्वेकडे तोंड करून परत येताना दुपार झालेली असावी. हिवाळ्यात वारा पूर्वेचाही असतो, तेव्हा आदल्या संध्याकाळी झाडाचे शेंडे कुठे झुकतात ते पाहून घ्यावं. पौडमार्गे जाऊन तळेगावमार्गे परतण्याचा आणखी एक फायदा आहे. दोन्ही डोंगरसोंडा तुलनेने ताज्या पायांनी, भर दुपारच्या आधी ओलांडून होतात. उलट फिरलात तर भूगावहून चांदणी चौकाचा चढ दिवसाच्या अगदी शेवटी वाट्याला येतो.

थांबल्यावरच घाम का फुटतो

पवनानगरच्या बाजारात सायकल लावली, हेल्मेट काढलं आणि पाचच मिनिटांत अंगावर घामाच्या धारा लागल्या. चालवताना तर कोरडे होतो! खरं म्हणजे घाम तेव्हाही तेवढाच येत होता. स्नायूंत तयार होणाऱ्या उष्णतेला बाहेर पडायला घामाचं बाष्पीभवन हाच मुख्य रस्ता आहे. सायकल चालताना अंगावरून सतत हवा जाते आणि घाम येताक्षणी वाळतो. थांबलं की हवा थांबते, पण आतली भट्टी लगेच विझत नाही. म्हणून कोरडं अंग पाहून पाणी न पिणं धोक्याचं. तहान लागेपर्यंत वाट पाहिली तर शरीर आधीच थोडं मागे पडलेलं असतं.

नुसतं पाणी मात्र पुरत नाही. घामातून मीठ जातं. आणि आतड्याच्या भिंतीत अशी दारं आहेत, की साखर आणि मीठ जोडीने आले तर ती दोघांना आत घेतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढलं जातं. जुलाबाच्या रुग्णाला देतात त्या जलसंजीवनीचं तत्त्व हेच. मावशींच्या सरबतात लिंबाबरोबर साखर होती आणि चमच्याच्या टोकावर मीठही. रस्त्यावर मिळणारं याहून चांगलं पेय मला माहीत नाही.

अन्नाचं गणित यापेक्षा कडक आहे. स्नायू आणि यकृत मिळून सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम साखर साठवून ठेवतात, ग्लायकोजेन या रूपात. ती म्हणजे घरातली हाताशी असलेली रोकड. चरबी म्हणजे मुदत ठेव. रक्कम भरपूर, पण हातात सावकाश येते. दिवसभराच्या फेरीत दोन्हीतून खर्च चालतो. जोर लावला की रोकड झपाट्याने संपते. तळेगावच्या आसपास अचानक पाय शिशाचे होतात, डोकं जड होतं, साधी चूकही सुधारावीशी वाटत नाही, ती रोकड संपल्याची खूण. मेंदूलाही तीच साखर हवी असते, म्हणून पायांबरोबर मनही खचतं. तेव्हा भरपेट मिसळ खाऊन उपयोग नाही, कारण तेलकट अन्न पचायला बराच वेळ घेतं. उपाय आधीचा आहे. पौडपासूनच दर पाऊण तासाला काहीतरी गोड आणि साधं खावं. केळं, खजूर, चिक्की, गुळाची पोळी.

देहूरोड ओलांडलं तेव्हा साडेचार वाजले होते. रस्त्याकडेच्या मंडपाचं कापड पूर्वेकडे फुगलं होतं आणि कानाशी आवाज नव्हता. पिंपरी, कासारवाडी मागे टाकून दापोडीला हॅरिस पुलावर आलो. इथे जवळच पवना मुळेला मिळते. सकाळी पौडला जिच्या खोऱ्यातून गेलो ती मुळा आणि नंतर जिच्या काठाने आलो ती पवना, दोघींचं पाणी पुलाखालून एकत्र चाललं होतं. कामशेतची इंद्रायणीही पुढे तुळापूरला भीमेत येते, आणि हे पाणीही त्याच भीमेला जाऊन मिळतं. मी कठड्याला सायकल टेकवली, बाटलीतलं उरलेलं सरबत संपवलं आणि घराकडे निघालो.